लिंक नाही, पण काम आहे

बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांच्या अर्जात आता एक रकाना असतो: ‘गिटहब किंवा पोर्टफोलिओची लिंक’. गिटहब ही कोड ठेवण्याची आणि इतरांना दाखवण्याची वेबसाइट; पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या कामाचे नमुने. काही ठिकाणी त्यापुढे लाल तारा असतो, म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. आमचं प्रॉडक्ट कंपनीने बंद केलं, टीम मोडली आणि बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा नोकरी शोधायला लागले, तेव्हा हा तारा पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला. मी बॅकएंड डेव्हलपर, म्हणजे पडद्यामागचा कोड लिहिणारी. पैशांच्या व्यवहारांचा ताळमेळ लावणारी सिस्टीम आम्ही सांभाळायचो. एका बाजूला आमच्या नोंदी, दुसऱ्या बाजूला बँकांकडून येणाऱ्या फायली. रात्रीच्या बॅचमध्ये दोन्ही जुळवायच्या आणि जे जुळलं नाही ते सकाळी हिशेब बघणाऱ्यांसमोर ठेवायचं. या कामातली एकही ओळ मला कुणाला दाखवता येत नव्हती.

यात वावगं काहीच नव्हतं. कोड कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर होता आणि ऑफिसच्या नेटवर्कबाहेर तो उघडत नसे. नोकरीत लिहिलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं, असं करारात स्पष्ट होतं, शिवाय गोपनीयतेचा वेगळा करार होताच. लॅपटॉप परत केला त्या दिवशी माझ्याकडे उरलं ते डोक्यात होतं तेवढंच. गिटहबवरच्या माझ्या प्रोफाइलवर काही जुने प्रयोग होते आणि वर्षभराचे कोरे राखाडी चौकोन: दिवसाला एक, आणि त्या दिवशी काम नोंदलं गेलं की तो हिरवा होतो.

त्या चौकोनांबद्दल थोडं सांगते, कारण अर्ज चाळणारे अनेक जण त्यांच्याकडे बघून मत बनवतात. गिटहब 2008 मध्ये सुरू झालं आणि हा योगदानाचा तक्ता प्रोफाइलवर आला 2013 मध्ये. सलग किती दिवस काम केलं याचा आकडाही तिथे झळकायचा. तो 2016 मध्ये काढून टाकला. चौकोन हिरवा होण्याचे नियम साधे आहेत, पण पुष्कळांना माहीत नसतात. कमिटवरचा, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीवरचा, ईमेल पत्ता तुमच्या खात्याला जोडलेला हवा, कमिट मुख्य शाखेत पोहोचलेली हवी, आणि दुसऱ्याच्या रेपोची (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याची) नुसती फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, काढून त्यात केलेल्या कमिट धरल्या जात नाहीत. कंपनीच्या सर्व्हरवर कंपनीच्या ईमेलने केलेलं वर्षानुवर्षांचं काम त्या तक्त्याला दिसतच नाही. उलट, गिटमध्ये, म्हणजे बदल नोंदवणाऱ्या ज्या साधनावर गिटहब चालतं त्यात, कमिटची तारीख कमिट करणाराच ठरवतो. संगणकावरचं एक सेटिंग (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) बदललं की मागच्या वर्षीच्या कुठल्याही दिवसाची कमिट आज तयार करता येते. पूर्ण हिरवं वर्ष एका छोट्या स्क्रिप्टने उभं राहतं. ज्या खुणेवरून माणसाचं काम दिसत नाही आणि न केलेलं काम मात्र दिसू शकतं, तिच्यावर कुणाच्या पोटापाण्याचा निर्णय टाकू नये, असं माझं ठाम मत तेव्हाच झालं.

आणखी एक गोष्ट विस्मरणात जाते. 2019 च्या जानेवारीपर्यंत गिटहबच्या फुकट खात्यात खाजगी रेपो ठेवता येत नसे. कोड फुकटात ठेवायचा तर तो जगाला दिसणार, अशी सोयीची अट होती. त्या काळात सार्वजनिक कोडचा जो ढीग जमला त्यातला बराचसा कुणी हौसेने मांडलेला नव्हता. तरी भरती करणाऱ्यांच्या मनात ‘डेव्हलपर म्हणजे सार्वजनिक कोड असणारच’ हे समीकरण त्या वर्षांत पक्कं झालं, असं मला वाटतं.

सुरुवातीला लिंकच्या रकान्यात मी माझं जवळपास रिकामं प्रोफाइलच देत गेले आणि सोबतच्या पत्रात खुलासा लिहिला. ‘माझं काम बंद कोडवर झालं आहे, त्याबद्दल मी सविस्तर बोलू शकते, तुमच्यासमोर बसून कोड लिहायलाही तयार आहे.’ बहुतेक ठिकाणांहून उत्तर आलं नाही. एका कंपनीच्या भरती विभागातल्या बाई मात्र फोनवर मोकळेपणाने बोलल्या. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, आमच्याकडे अर्जच इतके येतात की पहिली चाळणी लिंकवरच होते. टेक्निकल टीमपर्यंत तुमचं पत्र जाणारच नाही. काहीतरी टाका तिथे.’ त्यांचा दोष नव्हता. शेकडो अर्ज एका माणसाने वाचायचे असतील तर त्याला पटकन दिसणारी खूण लागते, हे मला समजतं.

म्हणून मी काहीतरी टाकायचं ठरवलं, पण ते ‘काहीतरी’ म्हणून टाकायचं नव्हतं. कामाच्या याद्यांचं ॲप आणि हवामानाचं ॲप शिकवणीतून उतरवून काढलेली प्रोफाइलं मी पुष्कळ पाहिली होती. मला माझ्या क्षेत्रातलंच काहीतरी करायचं होतं: दोन याद्या जुळवणारी छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा कोड. पण त्याआधी जुन्या कंपनीला विचारणं भाग होतं. माझ्या टीम लीडना फोन केला. ‘सर, ताळमेळाची एक लायब्ररी नव्याने लिहून सार्वजनिक केली तर चालेल का?’ ते म्हणाले, ‘तंत्र तुझं आहे, कोड कंपनीचा. आठवणीतून ओळी उतरवू नकोस, टेबलांची नावं आणि खऱ्या फायलींची रचना वापरू नकोस. आणि लीगलकडून लेखी घे.’ लेखी उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. ज्यांना असं करायचं आहे त्यांनी ही पायरी टाळू नये. कराराची भाषा जागोजागी वेगळी असते. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर केलेल्या कामाला काही ठिकाणी कायद्याचं संरक्षण आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या कामगार कायद्याचं 2870 वं कलम त्यासाठीच आहे. सगळीकडे तसं नाही, आणि तिथेही मालकाच्या धंद्याशी संबंधित कामाला अपवाद आहेत.

लायब्ररी लिहिताना मी मनापासून रमले, हे खरं. ताळमेळातला सोपा भाग म्हणजे व्यवहार क्रमांक दोन्हीकडे सारखा असणं. अवघड भाग पुढे येतो. बँक अनेक व्यवहारांची मिळून एकच रक्कम जमा करते आणि कुठल्या व्यवहारांची ती बेरीज आहे हे आपण शोधायचं असतं. संगणकशास्त्रात याला सबसेट सम म्हणतात. हा एनपी-कम्प्लीट गटातला प्रश्न आहे, म्हणजे यादी वाढली की सगळ्या शक्यता तपासणं आवाक्याबाहेर जातं. तारखेची खिडकी, बॅच क्रमांक, रकमेची मर्यादा लावून प्रश्न लहान करता येतो. पण खरा प्रश्न वेगावरचा नाही. अनेकदा दोन वेगवेगळ्या गटांची बेरीज नेमकी तेवढीच येते. अशा वेळी प्रोग्रॅमने अंदाजाने एक गट निवडला, तर तो चुकीचा ताळमेळ कित्येक महिने कुणाला दिसत नाही. न जुळलेली नोंद सकाळी माणसासमोर येते. चुकीची जुळलेली नोंद येत नाही. म्हणून माझ्या लायब्ररीत दोन उत्तरं निघाली की ती काहीच जुळवत नाही आणि दोन्ही पर्याय समोर ठेवते. हे का, ते रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, मी सविस्तर लिहिलं. त्या परिच्छेदात माझी सगळी वर्षं आहेत, आणि तो लिहायला कोडपेक्षा जास्त वेळ लागला.

हे मला जमलं, कारण त्या काळात मला नोकरी नव्हती आणि काही महिने काढता येतील इतकी शिल्लक होती. आमच्याच टीममधला एक सहकारी माझ्यापेक्षा सरस आहे. डेटाबेसचे लॉक कुठे अडतात हे तो आलेख बघून सांगायचा. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. ऑफिस, त्यानंतर आईचं सगळं, आणि रात्री बॅच अडली तर पुन्हा लॅपटॉप. त्याला मी माझा रेपो दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘छान झालंय गं. पण मी हे केव्हा करणार, सांग.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाल तारा अशा माणसाला दारातच अडवतो, आणि कंपनीला कळतही नाही की आपण कुणाला गमावलं.

हे फक्त माझ्या ओळखीतलं निरीक्षण नाही. गिटहबने 2017 मध्ये ओपन सोर्समधल्या (सगळ्यांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या-वापरणाऱ्या) लोकांची मोठी पाहणी केली होती. साडेपाच हजारांच्या आसपास उत्तरं आली. उत्तर देणाऱ्यांत 95 टक्के पुरुष होते आणि 3 टक्के स्त्रिया. आमच्या धंद्यात स्त्रिया कमी आहेतच, पण इतक्याही कमी नाहीत. सार्वजनिक कोड हीच चाळणी ठेवली की आधीच अरुंद असलेली वाट किती आक्रसते, ते या आकड्यात दिसतं. फावला वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही, आणि अनोळखी लोकांपुढे आपलं काम उघड्यावर टाकताना कुणाला काय ऐकावं लागतं हेही सगळ्यांना सारखं नसतं.

लायब्ररीसोबत मी एका जुन्या ओपन सोर्स प्रकल्पातही काम केलं. सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला मजकूर) वाचणारं ते पॅकेज आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो. सीएसव्हीच्या रचनेचं वर्णन करणारा आरएफसी 4180 हा 2005 चा दस्तऐवज सांगतो की अवतरण चिन्हांतल्या मजकुरात नवी ओळ येऊ शकते. त्या पॅकेजमध्ये एका विशिष्ट परिस्थितीत अशी नोंद दोन तुकड्यांत मोडायची. दोष पुन्हा घडवून दाखवला, आधी नापास होणारी टेस्ट लिहिली, मग दुरुस्ती केली, पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे ‘हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती केली. प्रकल्प सांभाळणारे लोक स्वतःच्या नोकऱ्या करून हे बघतात, त्यामुळे तपासणीला बराच काळ गेला. त्यांनी विचारलेले प्रश्न उत्तम होते आणि दुरुस्ती शेवटी आत गेली. पण प्रोफाइलवर तिची खूण म्हणजे मोजक्या ओळी. बाहेरून बघणाऱ्याला त्यामागचं वाचन दिसणं शक्य नाही.

इथे एक धोका प्रत्यक्ष घडलेला आहे. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम 2014 पासून दर ऑक्टोबरमध्ये चालतो. ठरावीक पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. 2020 मध्ये रीडमीमध्ये एखादं विशेषण घुसडणाऱ्या निरर्थक रिक्वेस्टचा इतका पूर आला की प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले, आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाला सहभागी व्हायचं आहे त्याने तसं स्वतः जाहीर करायचं. एका टी-शर्टसाठी जर हे होतं, तर नोकरीसाठी सार्वजनिक योगदान सक्तीचं केल्यावर काय होईल? फुकट राबणाऱ्या लोकांच्या दारात आपण आणखी कचरा नेऊन टाकतो आणि त्याला भरतीची प्रक्रिया म्हणतो.

लायब्ररी तयार झाल्यावर उत्तरं यायला लागली. भरती विभागातल्या त्या बाईंचं म्हणणं खरं ठरलं. पण पुढच्या मुलाखतींत जे झालं ते माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. एका ठिकाणी दोन इंजिनियर होते. मी रेपोचा उल्लेख केला. एकाने सरळ सांगितलं, ‘बघायला वेळ मिळाला नाही,’ आणि बायनरी ट्रीचा (माहितीच्या फांद्यांसारख्या रचनेचा) प्रश्न दिला. मी तो सोडवला. दुसऱ्या ठिकाणीही तसंच. ज्या लिंकशिवाय आत येता येत नव्हतं, ती आत आल्यावर कुणी उघडलीच नाही. हे माझ्यासारख्यांपुरतं नाही. होमब्रू हे पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन, मॅकवर काम करणाऱ्या कितीतरी डेव्हलपरांच्या रोजच्या वापरात आहे. त्याचा निर्माता मॅक्स हॉवेल याने 2015 मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं की त्याचं सॉफ्टवेअर गूगलचे बहुतेक इंजिनियर वापरतात, तरी फळ्यावर बायनरी ट्री उलटी करता आली नाही म्हणून त्याला नकार मिळाला. गूगलची बाजू त्यात नव्हती, आणि त्या नकाराचा न्याय मी करणार नाही. पण याहून ठळक सार्वजनिक पोर्टफोलिओ कुणाकडे असणार? तोही जर निर्णयात मोजला जाणार नसेल, तर दारात मागायचा कशाला?

मग एक मुलाखत झाली जी मी कायम लक्षात ठेवीन. आदल्या दिवशी त्यांनी कळवलं, ‘तयारी काही नको. एक तास कोड एकत्र वाचू.’ त्यांनी समोर ठेवली एक पुल रिक्वेस्ट, दोन-अडीचशे ओळींची, खास मुलाखतीसाठी लिहिलेली. पैसे जमा झाल्याची सूचना बाहेरच्या सेवेकडून येते, ती स्वीकारून खात्यात नोंद करायची, एवढंच काम. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘समजा हा तुमच्या टीममधल्या नव्या मुलाने लिहिलाय. काय म्हणाल त्याला?’

मी वाचायला लागले. सूचना आली की कोड आधी तपासायचा, हा व्यवहार टेबलमध्ये आहे का; नसेल तर घालायचा. दिसायला बरोबर. पण अशा सेवा एकच सूचना पुन्हा पुन्हा पाठवतात, कारण उत्तर पोहोचलं नाही तर त्यांना खात्री नसते. दोन सूचना एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि पैसे दोनदा जमा होतात. मी म्हटलं, तपासणं कोडवर सोडू नका, टेबलवरच व्यवहार क्रमांकाला युनिक बंधन (एक क्रमांक एकदाच) घाला आणि दुसरी नोंद डेटाबेसला नाकारू द्या. त्यांनी विचारलं, ‘नाकारल्यावर समोरच्या सेवेला काय उत्तर द्यायचं?’ यशाचंच द्यायचं, कारण आपल्या दृष्टीने काम झालेलं आहे. चूक झाल्याचं उत्तर दिलं तर ती पाठवतच राहील. पुढे रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, साठवलेली दिसली. 0.1 आणि 0.2 यांची बेरीज तिथे 0.30000000000000004 येते. हे सगळ्यांना पाठ असतं, पण ताळमेळात त्याचा त्रास काय होतो ते मी सांगू शकले: दिवसाची बेरीज शेवटच्या अंकाला जुळत नाही आणि माणसं तो एक अंक शोधत बसतात. लॉगमध्ये कार्डाचा पूर्ण क्रमांक जात होता, तो थांबवायला सांगितला. दिवस कुठल्या टाइमझोनमध्ये संपतो याचा उल्लेखच नव्हता. दोन ठिकाणी मी म्हटलं, हे मला आवडत नाही, पण यासाठी रिक्वेस्ट अडवणार नाही. त्यावर त्या थांबल्या आणि विचारलं, ‘का नाही अडवणार?’ मग आमची त्या एकाच प्रश्नावर बराच वेळ चर्चा झाली: नव्या माणसाला एका वेळी किती सांगावं, काय नंतरसाठी ठेवावं.

तो तास संपला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझं काम कुणीतरी पाहिलं. जुन्या कंपनीची एकही गुपित गोष्ट मी उघड केली नव्हती, माझ्या रेपोची लिंकही त्यांनी उघडली नव्हती, तरी बंद दाराआडची ती सगळी वर्षं टेबलावर आली होती. मी तिथेच रुजू झाले.

आता मी त्याच टीममध्ये दुसऱ्या बाजूला बसते, आणि अर्जांमधल्या लिंका मी खरोखर उघडते. जो मागतो त्याने वाचलं पाहिजे, एवढं तरी मी स्वतःला बांधून घेतलं आहे. उघडल्यावर काय दिसतं? पुष्कळ डेमो मेलेले असतात. ॲप्स इंटरनेटवर चालवून देणाऱ्या हेरोकूने 2022 च्या नोव्हेंबरमध्ये फुकट सेवा बंद केली आणि विद्यार्थ्यांची कितीतरी ॲप्स त्यासोबत बंद पडली. त्याच वर्षी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने नोकऱ्यांचा विभाग आणि त्यासोबतची डेव्हलपरची कहाणी मांडणारी पानं मिटवली. परक्याच्या जागेवर उभारलेली ओळख अशी एका घोषणेने जाते. काही रेपोंमध्ये पासवर्ड आणि की (एखाद्या सेवेची गुप्त किल्ली) असलेली फाइल सापडते. ती नंतर काढून टाकलेली असते, पण गिटच्या इतिहासात तशीच राहते. अशा वेळी मी त्या व्यक्तीला लगेच कळवते: आधी ती की रद्द करून नवी घ्या, इतिहास साफ करणं त्यानंतरचं. त्यावरून अर्ज बाद करत नाही.

आणि कोडचं सांगायचं तर, गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारं एआय साधन 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यानंतर अशी साधनं वाढतच गेली. नीटनेटका रेपो, सुबक रीडमी, पूर्ण टेस्ट हे सगळं आता कमी वेळात उभं राहतं. साधन वापरलं याला माझी हरकत नाही, मीही वापरते. पण तयार कोड बघून लिहिणाऱ्याबद्दल पूर्वी जेवढं कळायचं तेवढं आता कळत नाही. ‘इथे हा मार्ग का घेतला, दुसरा का सोडला?’ हे समोरासमोर विचारल्यावरच कळतं. पोर्टफोलिओची सक्ती वाढत चालली आहे नेमकी त्या काळात, जेव्हा त्याचं पुरावा म्हणून मोल घटत चाललं आहे.

तरीही सार्वजनिक काम निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे एक मुलगा आला, पदवी वेगळ्याच विषयातली, कोड स्वतः शिकलेला, कुणाची ओळख नाही. त्याच्याकडे दाखवायला दुसरं होतंच काय? त्याने एक छोटं साधन लिहिलं होतं, फोटोंच्या फोल्डरमधल्या दुहेरी प्रती शोधणारं. मी रीडमी वाचला. त्यात ‘हे काय करत नाही’ असा एक भाग होता. नाव बदललं असलं तरी मजकूर सारखा असेल तर तो पकडतो, पण फोटो लहान केलेला असेल तर पकडत नाही, आणि तसं का ठेवलं याचं कारण. एका वापरणाऱ्याने तक्रार नोंदवली होती, तिला त्याने दिलेलं उत्तर शांत आणि नेमकं होतं. रेपो आवडल्याचे लोकांनी दिलेले तारे जेमतेम. ते उत्तर वाचून मी त्याला बोलावलं. ज्याला दुसरं कुठलंही दार उघडं नाही त्याच्यासाठी सार्वजनिक कोड हे खरं दार आहे. म्हणून लिंक घ्यायचीच नाही असा नियम मला नको. मला नको आहे ती सक्ती.

नवशिक्यांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगते: एक काम करा, पण ते स्वतःच्या गरजेतून आलेलं असू द्या. दहा अर्धवट रेपोंपेक्षा एका रेपोचा इतिहास जास्त बोलतो. घेतलेले निर्णय लिहून ठेवा, विशेषतः सोडून दिलेले मार्ग. आणि जे नोकरीत आहेत, पण कोड दाखवू शकत नाहीत, त्यांनी नाव-गाव काढून एक टिपण लिहावं: अडचण काय होती, कुठले पर्याय होते, काय निवडलं, नंतर काय बिघडलं. कंपनीची गुपितं न सांगता हे लिहिता येतं. माझ्या रीडमीमधला तो एक परिच्छेद असं टिपण म्हणून एकटाही पुरला असता.

टीममध्ये लाल तारा काढायचा विषय मी मांडला तेव्हा एचआरचा प्रश्न रास्त होता: मग चाळणी कशावर करायची? भरतीवरचं संशोधन मी त्यांच्यापुढे ठेवलं. श्मिट आणि हंटर यांच्या 1998 च्या प्रसिद्ध आढाव्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणारी चाचणी सर्वात वरच्या जागी होती, पुढच्या कामगिरीशी संबंध 0.54 (पूर्ण संबंध म्हणजे 1). सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये तेच आकडे नव्याने तपासले. तेव्हा तो 0.33 वर आला आणि आखीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण देण्याचे आधी ठरवलेले निकष, 0.42 घेऊन पहिली ठरली. नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा संबंध जेमतेम 0.07. यातला कुठलाही आकडा फार मोठा नाही, आणि माणूस निवडणं अवघडच आहे हे त्यातून दिसतं. पण सगळ्यांसमोर एकच कोड, तेच प्रश्न आणि आधी लिहून ठेवलेली गुणपत्रिका या दिशेने जायला तो आधार पुरेसा होता.

आता आमच्या अर्जात तीन वाटा आहेत आणि तिन्हींना सारखंच मानलं जातं: सार्वजनिक कामाची लिंक, किंवा एका निर्णयाबद्दल पानभर टिपण, किंवा थेट तासभराचं एकत्र कोडवाचन. घरी करायचा मोठा प्रकल्प आम्ही देत नाही, कारण फावल्या वेळेचा तोच अन्याय त्यात परत येतो. वाचनाचा कोड आम्ही अधूनमधून बदलतो आणि दोन जण स्वतंत्रपणे गुण देतात. यात आमचा वेळ जातो. प्रत्येक उमेदवारामागे दोन इंजिनियरांचा तास म्हणजे मोठी किंमत आहे, आणि ती देण्यावरून टीममध्ये अजून वाद होतात. उमेदवारांना फुकट राबवण्यापेक्षा ही किंमत कंपनीने उचलावी, असं मी प्रत्येक वेळी म्हणते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. लिंकचा रकाना ऐच्छिक केला तरी अनेक जण तो सक्तीचाच समजतात. दोन उमेदवारांनी नंतर सांगितलं की रकाना रिकामा ठेवायचं धाडस झालं नाही म्हणून घाईघाईने काहीतरी वर चढवलं. त्यामुळे पुढच्या फेरीपासून पहिल्या अर्जात तो रकानाच नसेल. निवडलेली वाट कुठली हे विचारल्यावर, ज्यांनी लिंक निवडली त्यांनाच ती मागायची. एचआरची याला संमती मिळाली आहे, फॉर्ममधला बदल अजून व्हायचा आहे. तो झाला की माझ्या त्या जुन्या सहकाऱ्याला अर्ज पाठवायला सांगणार आहे.